गाण्याचा उतार

पेटी वाजवणाऱ्यांत दोन वर्ण असतात : शिकलेल्यांचा आणि ऐकलेल्यांचा. शिकलेले लोक आधी अलंकार घोटतात, मग राग बसवतात आणि मग कोणा गवयाच्या मागे बसण्याचा अधिकार मिळवतात. ऐकलेल्यांना गुरू नसतो, वही नसते आणि बहुतेक वेळा श्रोताही नसतो. सकाळी रेडिओवर एखादे चित्रपटगीत लागते, ते कचेरीच्या कागदपत्रांतून दिवसभर डोकावत राहते, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन झाल्यावर माणूस पेटीचा भाता उघडतो व ते गाणे पट्ट्यांवर शोधू लागतो. मी या दुसऱ्या वर्णातला. पहिल्या वर्णाने आम्हांला आपल्या पंक्तीला कधी बसवले नाही, आणि त्याबद्दल निदान माझी तरी तक्रार नाही. त्यांच्या पंक्तीत फार वेळ मांडी घालून बसावे लागते.

शोधण्याचीही एक रीत आहे. गाणे कोणत्याही पट्टीतले असो, आधी त्याचा षड्ज हुडकावा लागतो. षड्ज म्हणजे गाण्याची बसायची जागा. गाणे मनाशी म्हणत जावे आणि ओळ संपताना ज्या सुरावर श्वास आपोआप सैल होतो, तो धरावा. तोच बहुधा षड्ज असतो. मग त्याला काळी एक किंवा पांढरी चार, जी हाताला सोयीची असेल ती जागा द्यावी. ध्रुवपद घटकाभरात सापडते. अंतरा अधिक छळतो, कारण संगीतकाराने आपली सारी हौस तेथे फेडलेली असते. परंतु सर्वांत मौजेची गोष्ट ही, की अंतऱ्याचा शेवट बहुधा शोधावाच लागत नाही. शेवटची ओळ वर चढून क्षणभर थांबली, की बोटे आपणहून उतरू लागतात आणि ध्रुवपदाच्या दाराशी येऊन उभी राहतात. पूर्वी कधीही न ऐकलेल्या गाण्याच्या बाबतीतही हे घडते. अर्ध्या ओळीवर रेडिओ बंद केला तरी उरलेली अर्धी ओळ मला वाजवता येते, आणि मागाहून ताडून पाहिले तर ती पुष्कळदा बरोबर निघते. यात माझे कौशल्य काहीच नाही. बैठकीत गाणाऱ्याने एखादी ओळ मध्येच सोडून दिली तर साऱ्या बैठकीच्या गळ्यांत ती पुरी होतेच की !

न ऐकलेला शेवट कानाला आधीच कसा ठाऊक असतो ? हा प्रश्न मी बरीच वर्षे बाळगून होतो. त्याचे थोडेफार उत्तर मला बस्सीत मिळाले, आणि ते मिळाले तेव्हा मी फारसा आनंदलो नाही.

बस्सी हे जयपूरच्या पूर्वेला, आग्र्याच्या रस्त्यावर, सुमारे तीस किलोमीटरांवर वसलेले तहसिलीचे गाव आहे. (चितोडजवळही एक बस्सी आहे. तेथील सुतार लाकडाच्या चित्रमय कावडी करतात आणि त्यामुळे तिचे नाव दूरवर गेलेले आहे. आमची बस्सी ती नव्हे.) जयपूर सोडले की कानोता लागते आणि मग मोकळा माळ सुरू होतो : हिवाळ्यात मोहरीची पिवळी शेते, पावसाळ्यात बाजरी, आणि चैत्रानंतर केवळ धूळ. जयपूर-बांदीकुई मार्गावरचे स्टेशन गावाला आहे. लोक घरात ढूंढाडी बोलतात आणि आमच्याशी हिंदी. येथे चारशे किलोव्होल्टचे एक मोठे विद्युत-उपकेंद्र आहे, आणि आठ वर्षांपूर्वी माझी नेमणूक झाली ती त्याच निमित्ताने.

उपकेंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाला तंबोरा विकत घ्यावा लागत नाही. सरकारी मराठीत ज्याला रोहित्र म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर अहोरात्र गुंजन करीत असतो. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते. प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरच्या पोटातील पोलादी पत्र्यांचा गाभा दोनदा अगदी सूक्ष्म ताणला जातो. म्हणून त्याचा मूळ सूर सेकंदाला शंभर कंपनांचा. पेटीवर हा सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर येतो. त्या मूळ सुराबरोबर दोनशे, तीनशे, चारशे कंपनांचे सूरही सूक्ष्मपणे वाजत असतात, म्हणजे षड्जावर षड्ज, त्यावर पंचम, पुन्हा षड्ज. आणि पाचशेला जो येतो तो चक्क गांधार. तंबोऱ्यातील स्वयंभू गांधाराबद्दल गवई मंडळी डोळे मिटून बोलतात. मला तो विजेच्या आवारात ऐकू येतो, निदान हिवाळ्याच्या निःशब्द रात्री तरी तसा भास होतो. आमची मुलगी सहा वर्षांची असताना येथे आली. पेटीला हात न लावता ती अचूक पांढरी पाचचा षड्ज लावते. तिला तो कोणी शिकवलेला नाही.

माझ्या कानावरचे संस्कार मात्र वाईचे. वडील तेथे शाळेत शिक्षक होते. एका बंद पडलेल्या नाटक मंडळीच्या सामानातून त्यांनी एक जुनी पेटी विकत घेतली होती, आणि तीवर ते नाट्यपदे व चित्रपटगीते सारख्याच भक्तिभावाने वाजवीत. त्या काळी या दोन्ही गोष्टींना, म्हणजे पेटीला आणि चित्रपटगीताला, सरकारदरबारी मान नव्हता. आकाशवाणीने पेटीला १९४० साली जे दाराबाहेर काढले ते १९७१ पर्यंत आत घेतले नाही. चित्रपटगीतांवर १९५२ मध्ये संक्रांत आली. नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे अभिजात संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. मंत्री मराठी होते याचे वडिलांना वैषम्य वाटे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि हिंदुस्थानातील श्रोते समुद्रापलीकडे कान लावून बसले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती निघाली, तीही केसकर मंत्री असतानाच. परंतु तोपर्यंत वडिलांची निष्ठा सिलोनला वाहिलेली होती, ती अखेरपर्यंत ढळली नाही. पेटीवरची निष्ठाही तशीच. ‘नागिन’ (१९५४) चित्रपटातील जी पुंगीची धून ऐकून देशभर माणसे डोलली, ती पुंगीची नसून कल्याणजींच्या क्लॅव्हियोलिनची आणि रवींच्या पेटीची होती, ही हकीकत ते पाहुण्यांना दर वेळी नव्याने सांगत. पुढे खरे गारुडीही तीच धून वाजवू लागले, हे सांगताना तर त्यांचा चेहरा पेटीला राजमान्यता मिळाल्यासारखा उजळे.

सिलोनवर रोज सकाळी साडेसातला जुन्या चित्रपटांतील गाणी लागत आणि आठाच्या सुमारास सैगलच्या गाण्याने तो कार्यक्रम संपे. लघुलहरींचा स्वभाव वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या लहरी आकाशातील विद्युतभारित थरावरून परतून आपल्याकडे येतात, आणि तो थर पाण्यासारखा हलता असतो. म्हणून गाणे एकाएकी क्षीण होत जाते, खरखरीत बुडते आणि काही क्षणांनी पुन्हा वर येते. इतर घरांत अशा वेळी कोणीतरी उठून काटा हलवी. आमच्या घरी काट्याला हात लावायची बंदी होती. गाणे बुडाले की वडील पेटीवर ते पुढे चालू ठेवीत, आणि ते वर येईपर्यंत आम्ही सगळे श्वास रोखून बसत असू. गाणे परत आले आणि पेटीशी जुळले, तर वडील नुसती मान हलवीत. जुळले नाही, गाण्याने भलतीच वाट धरली असली, तर मात्र ते फार खूश होत. पेटी थांबवून म्हणत, “बघ, कसा फसवला !” मी सहासात वर्षांचा असेन. गाण्याचा शेवट ओळखणे हा खेळ आहे आणि त्यात हरण्यातही गोडी आहे, हे मी त्या खरखरीत शिकलो.

पुढे नोकरीत पडल्यावर काही पुस्तके वाचनात आली. लेनर्ड मेयर या अमेरिकन पंडिताने १९५६ साली संगीत आणि भावना यांवर एक ग्रंथ लिहिला. कान सतत पुढच्या सुराची अपेक्षा करीत असतो आणि ती अपेक्षा लांबली किंवा मोडली की मन हलते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वडिलांनी हा ग्रंथ पाहिला नव्हता. पाहिला असता तर एवढ्यासाठी इतकी पाने कशाला, असे ते म्हणाले असते. चित्रपटगीतात ही अपेक्षा फार लवकर तयार होते. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात ध्रुवपद कानात ठसवायचे, अंतऱ्यात श्रोत्याला दूर न्यायचे आणि पुन्हा घरी आणून सोडायचे, हे सगळे संगीतकाराला उरकावे लागे. त्यामुळे वाटा ठरून गेल्या. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, या ठरलेल्या वाटांवरून असे काही चालत की शेवट ठाऊक असूनही त्याची वाट पाहावीशी वाटे. ‘अनारकली’ (१९५३) मधली गाणी शोधताना माझी बोटे क्वचितच अडली. उलट पंडित हृदयनाथ मंगेशकरांचे गाणे ! तेथे तुम्ही षड्जाची वाट पाहत उभे राहावे आणि गाण्याने तुमच्याकडे न बघता दुसऱ्याच सुरावर जाऊन बसावे. हृदयनाथांच्या गाण्यांत मी जितक्या वेळा फसलो तितका अन्यत्र कोठेही फसलो नाही. वडील असते तर त्यांनी त्या प्रत्येक वेळी टाळी दिली असती.

बोलपटाच्या दुनियेतही हे दोन वर्ण होतेच. संगीतकार चाल गुणगुणत, आणि गोव्याकडची अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखी माणसे ती ऐकून पाश्चात्त्य लिपीत उतरवीत व पन्नास-साठ वादकांपुढे कागद ठेवीत. वाजवणारे कागदावरून वाजवीत. म्हणजे त्या वादकांना शेवट अगोदरच दिसत होता. आमच्यासारख्यांना तो दिसत नाही, म्हणून आमची करमणूक अधिक होते, असे मी स्वतःचे समाधान करून घेतो.

आता बस्सीच्या मास्टरजींकडे वळतो. पहिल्याच उन्हाळ्यात धुळीने माझ्या पेटीचा धैवत बसला. जयपूरला जाणे लांबचे; कोणी सांगितले की गावातल्या एका बँडचे मास्टरजी असली कामे करतात. ते आले, पेटी उघडून पितळी सूर चाकूच्या टोकाने हलकेच साफ केला, फुंकर घातली, आणि मजुरी म्हणून एक गाणे ऐकवा असे म्हणाले. मास्टरजी क्लॅरोनेट वाजवतात. वडिलांकडून शिकले, कागद कधी पाहिला नाही. लग्नाच्या मुहूर्तांना इकडे सावे म्हणतात. आखातीज आणि देवउठनी एकादशी हे मोठे सावे. त्या दिवसांत मास्टरजींचे दर्शन होत नाही. चातुर्मासात मात्र त्यांना काम नसते, आणि मग ते संध्याकाळी क्लॅरोनेट घेऊन वसाहतीत येतात. त्यांच्या वाद्याचा षड्ज माझ्या पेटीच्या काळी पाचवर येतो, तेव्हा मी तेथे सरकतो. आमची जुगलबंदी म्हणजे अशी : मी एक गाणे अर्ध्यावर सोडायचे आणि त्यांनी ते पुरे करायचे, मग त्यांनी सोडायचे आणि मी पुरे करायचे. हिंदी गाण्यांत दोघांचे चांगले जमे.

एका संध्याकाळी मी एक मराठी चित्रपटगीत वाजवले. त्याचे नाव सांगत नाही, कारण नाव सांगताच वाचक ते गुणगुणू लागतील आणि पुढचे वाचणार नाहीत. ते माझ्या आईचे आवडते गाणे, एवढे पुरे. त्याची शेवटची ओळ पंचमावर येऊन थांबते आणि मग पायऱ्या उतरावे तशी सरळ उतरते : प म ग रे सा. मी पंचमावर थांबलो. मास्टरजींनी वाजवले : प ग म रे ग सा. एक पायरी सोडून पुढे जायचे, सोडलेल्या पायरीकडे परत वळून पाहायचे, आणि मग उतरायचे. मला हसू आले. म्हटले, हा तर मांड झाला ! मांड म्हणजे राजस्थानचा जीव. त्याचा आरोहच मुळी सा ग रे म ग प म ध असा वळसे घेत चढतो; बिकानेरच्या अल्ला जिलाई बाईंचा ‘केसरिया बालम’ ज्यांनी ऐकला असेल त्यांना ती चाल निराळी सांगायला नको. हृदयनाथांनी ‘लेकिन’ (१९९१) मध्ये तोच सूर मुंबईला नेला. मराठी रंगभूमीलाही मांड परका नाही. तेव्हा त्या वळशाचे मला आश्चर्य नव्हते. आश्चर्य पुढेच होते. मी मास्टरजींना म्हटले की शेवट निराळा आहे, आणि माझा उतार वाजवून दाखवला. त्यांनी लक्ष देऊन ऐकला आणि म्हणाले, “हाँ साहब, यही तो बजाया मैंने.” पुन्हा वाजवून दाखवले, तर पुन्हा वळसा. ते विनयाने बोलत नव्हते. त्यांना दोन्ही उतार खरोखरच एक वाटत होते.

त्या रात्री मला कळले की कानाला शेवट ‘ठाऊक’ असतो म्हणजे काय. कान पुढचा सूर ओळखतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो आपल्या गावाची वाट आठवतो. याचा शास्त्रीय पडताळाही झालेला आहे. जेम्स कार्लसन या संशोधकाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जर्मन, हंगेरियन आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना केवळ दोन सूर ऐकवून पुढची धून गायला सांगितली होती, आणि देशागणिक त्यांच्या वाटा काही प्रमाणात निराळ्या पडल्या. दोन सुरांत जर एवढे होते, तर ढूंढाडात सारी हयात गेलेल्या माणसाकडून वाईच्या उताराची अपेक्षा मी का करावी ?

मराठी माणसाला जयपूर हे शहर म्हणून कळण्यापूर्वी घराणे म्हणून ठाऊक असते. जयपूर संस्थानातील उनियाऱ्याचे अल्लादिया खाँ कोल्हापूरच्या दरबारी आले आणि केसरबाई व मोगूबाई यांच्या गळ्यांतून जयपूर आमच्या घराघरांत पोचले. ते इकडून तिकडे गेले, मी तिकडून इकडे आलो. त्यांच्याबरोबर गाणे गेले. माझ्याबरोबर एक पेटी आली आणि सहा वर्षांची मुलगी आली.

तिच्याशीही मी हाच खेळ खेळत असे. वडील खरखरीची वाट पाहत. आता खरखर उरलेली नाही, म्हणून मी स्वतःच थांबतो. तीन-चतुर्थांश गाणे मी वाजवावे आणि उरलेले तिने. आरंभी ती चुकतमाकत वाजवी. पुढे दहाव्या-अकराव्या वर्षी तिचा हात इतका सफाईदार झाला की मी थांबण्यापूर्वीच ती पट्ट्यांवर बोटे ठेवी. मास्टरजी येत तेव्हा ती दाराशी बसून ऐके. मी त्यांना तिला शिकवा असे कधी सांगितले नाही आणि त्यांनीही शिकवले नाही. गेल्या वर्षी श्रावणात मी आईचे ते गाणे वाजवून पंचमावर थांबलो, आणि मुलीने शांतपणे उरलेले वाजवले : प ग म रे ग सा.

मी काही बोललो नाही. गोड वाजवले होते, यात शंकाच नव्हती.

भाद्रपदात जयपूरच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मुलांचा कार्यक्रम होता. परप्रांती गणेशोत्सव कसा असतो हे या मासिकाच्या वाचकांना सांगणे नलगे. वर्षभर ज्यांची भाकरी हिंदीवर चालते ती माणसे त्या दहा दिवसांत मोदकांपासून आरतीच्या उच्चारांपर्यंत सर्व बाबतींत अतोनात मराठी होतात. मुलीने पेटीवर तेच गाणे वाजवायचे ठरवले होते. पहिल्या ओळीलाच सभागृहात कुजबुज उठली, दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतल्या बायकांनी सूर धरला, आणि अंतऱ्यापर्यंत सगळे सभागृह गाऊ लागले. बँका, रेल्वे, लष्कर, आयकर, भूगर्भ-सर्वेक्षण, सगळी खाती एका सुरात गात होती. शेवटची ओळ पंचमावर आली. सभागृह सरळ उतरले आणि पेटी वळसा घेऊन उतरली. षड्जावर दोघांची गाठ पडली खरी, पण मधल्या तीन-चार सुरांत जो गोंधळ उडाला त्याने मोठा हशा पिकला. पुन्हा ध्रुवपद, पुन्हा तेच. तिने हात बदलला नाही. टाळ्या पुष्कळ झाल्या. खाली आल्यावर एक वयोवृद्ध निवृत्त गृहस्थ तिच्या पाठीवर हात ठेवून कौतुकाने मला म्हणाले, “अहो, पोरगी पार मारवाडी झाली की तुमची !”

(ढूंढाडातल्या माणसाला मारवाडी म्हटलेले ढूंढाडातही खपत नाही, पण ते असो.)

परतताना गाडीत ती गप्प होती. कानोता मागे पडल्यावर तिने विचारले, “बाबा, सगळे एकदम का चुकले ?”

सौ. हसली. मला हसता आले नाही. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर बदलीच्या विकल्पाचा कागद पडलेला होता. गृहराज्यात जाण्याची संधी वारंवार येत नाही. आई वाईला एकटी असते. तिचे वय एक्याऐंशी. मुलीची दहावी जवळ आलेली. घरात या कागदावर जी चर्चा चाले ती शाळा, घरभाडे आणि आईची प्रकृती यांवरच चाले. गाण्याचा उतार हे काही बदली मागण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि कागदावर तसा रकानाही नसतो. तरीही त्या रात्री वसाहतीच्या गुंजनात जागा असताना मला सभागृहाचा तो हशाच ऐकू येत होता. माझ्या मुलीला मराठी चांगले बोलता येते, लिहिता येते, तुकाराम वाचून दाखवला तर कळतो. हे सगळे आम्ही कष्टाने जपले. कान मात्र तिने आमच्याकडून घेतला नाही. तो घेतला दाराशी बसून. भाषा शिकवता येते, तिची परीक्षा घेता येते, चूक दुरुस्त करता येते. ही चूक असती तर मी ती दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली असती.

आईला मी फोनवर हकीकत सांगितली. तिने नातीला पेटी घ्यायला सांगितली. फोन पेटीवर ठेवून मुलीने गाणे वाजवले, शेवटासकट. पलीकडे काही वेळ शांतता. मग आई म्हणाली, “छान वाजवलंस हो बाळ. पण मला आपला शेवट वाजवून दाखव. नाहीतर मला रात्रभर ते गाणं संपल्यासारखंच वाटणार नाही.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी माझा उतार एकदा वाजवला. तिने तो लगेच उचलला आणि आजीला ऐकवला. एकदाच ऐकून, एक सूर न चुकता. तेव्हापासून रात्री साडेनऊला वाईला फोन लागतो आणि ते गाणे वाईच्या शेवटाने संपते. फोन ठेवला की पुष्कळदा ती तेच गाणे पुन्हा वाजवते, आणि या खेपेला ते वळसा घेते. दोहोंत तिला कसलीच ओढाताण जाणवत नाही. चपला बदलाव्यात तशी ती शेवट बदलते.

विकल्पाचा कागद मी भरून पाठवला. पसंतीच्या रकान्यात महाराष्ट्र लिहिले. मंजुरी आली तर येत्या जूनमध्ये बिऱ्हाड हलवावे लागेल. मास्टरजींना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, तिकडच्या लग्नांत क्लॅरोनेट वाजते का ? म्हटले, वाजते, सनईही वाजते. मग बिटिया सांभाळून घेईल, असे ते म्हणाले. ते नेमके काय सांभाळण्याबद्दल बोलले, हे मी विचारले नाही.

मुलीने मात्र गेल्या महिन्यापासून नवाच उद्योग काढला आहे. तिला मास्टरजींचा शेवट मला शिकवायचा आहे. जेवणे झाली की ती माझ्याजवळ येऊन बसते, माझी बोटे हाताने धरून पट्ट्यांवर ठेवते आणि म्हणते, “हळू. प. आता म सोडा. ग. आता मागे वळा.” एकेक सूर सुटा वाजवला तर जमतो. ओघात वाजवू लागलो की पंचमाशी येताच हात मध्यमावर पडतो, तेथून गांधार, तेथून रिषभ. काल असे सात-आठ वेळा झाले. बाहेर ट्रान्सफॉर्मर आपला षड्ज धरून होता. शेवटी तिने माझा हात बाजूला केला, म्हणाली, “राहू द्या बाबा, तुम्ही फक्त भाता चालवा,” आणि पंचमापासून पुढचे स्वतः वाजवू लागली.